आर५३ मिनी कूपर एस : सुपरचार्जर काढून टर्बो टाकावा का?

वाईकर_रेडिंग

नमस्कार मंडळी. गाडी २००४ची मिनी कूपर एस, आर५३ (सुपरचार्जरवाल्या जुन्या कूपर एसचा मॉडेल कोड). आधीच्या मालकाने १५ टक्के लहान पुली, मोठा एअर फिल्टर आणि मागचा सायलेन्सर बदलून ठेवला होता. मध्यंतरी डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) लावली तेव्हा फ्लायव्हीलला १९२ बीएचपी दाखवले. चालते झकास, पण हल्ली आयडलला पुढच्या बाजूने खडखड ऐकू येते. नेहमीची सुपरचार्जरची (पट्ट्यावर फिरून इंजिनात हवा दाबून भरतो तो) शिट्टी नव्हे, डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज. क्लच दाबला तरी जात नाही.

गॅरेजवाला म्हणतो, चार्जर उघडून रिकंडिशन करावा लागेल. त्याने सांगितलेला आकडा ऐकला आणि डोक्यात किडा वळवळला : एवढे पैसे जुन्या ईटन सुपरचार्जरमध्ये घालण्यापेक्षा तो काढून सरळ टर्बो (तेच काम एक्झॉस्टच्या जोरावर करणारा) का टाकू नये? २४०-२५० बीएचपी मिळाले तरी खूप झाले. गाडी रोज एम४वरून ऑफिसला जाते, म्हणजे नुसते शोपीस नको. काही काम मी घराच्या ड्राइव्हवर करू शकतो, वेल्डिंग येत नाही. टर्बो कुठला घेऊ, एमओटी (इथली वार्षिक गाडी-तपासणी) आणि विम्याचे काय, आणि मुख्य म्हणजे हे करण्यात अर्थ आहे का, ते सांगा.

मामा_मिल्टन_केन्स

आर५६, म्हणजे पुढची कूपर एस, घ्या आणि मोकळे व्हा! २००६च्या शेवटी मिनीनेच सुपरचार्जर सोडून पीएसएबरोबर केलेले १.६ टर्बो इंजिन आणले. १७५ पीएस (मेट्रिक घोडे, बीएचपीपेक्षा किंचित लहान), आणि २४० न्यूटन-मीटर टॉर्क १६०० आरपीएमपासून हातात. जे काम कारखान्यात झालेय ते ड्राइव्हवर पावसात कशाला करता?

(गंमत करतोय. पण पूर्ण गंमत नाही.)

सातपूर_टू_कॉव्हेंट्री

मामा, आर५६चा आवाज ऐकून कुणी मान वळवते का? असो.

वाईकर, आधी ती खडखड कुठली ते नक्की करा. पट्टा काढा आणि इंजिन अगदी थोडा वेळ चालवा, मिनिटभरसुद्धा नको. या गाडीवर पट्टा काढला की पाण्याचा पंपही थांबतो. आवाज गेला तर चार्जरची पुली हाताने फिरवून बघा, मग टेन्शनर आणि आयडलर. खडखड टेन्शनरची निघाली तर फार पैसे वाचतील आणि हा सगळा धागा शांतपणे वाचता येईल. चार्जरचीच निघाली तर तो उघडून दोन्ही टोकांचे तेल बघा. ईटन एम४५ला पुढे आणि मागे असे दोन वेगळे तेलाचे कप्पे असतात. मागच्या कप्प्यात पंपाला फिरवणारे गिअर असतात आणि तिथले तेल वर्षानुवर्षे कुणी बघत नाही. ते आटले की दात झिजतात, दात गेले की पंप थांबतो.

इथेच तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा आहे. या गाडीत सुपरचार्जर हा वर बसवलेला सुटा भाग नाही. पाण्याचा पंप त्याच्या पाठीवर बसतो आणि त्याच्याच शाफ्टवर फिरतो. चार्जर उचलून बाजूला ठेवलात की इंजिनाला पाणी फिरवणारे कोणी उरत नाही. साध्या कूपरचा म्हणजे आर५०चा पंप, ब्रॅकेट आणि पट्ट्याची मांडणी आणून बसवणे हा एक रस्ता. इलेक्ट्रिक पंप हा दुसरा. काही जण जुन्या चार्जरचे रोटर काढून नुसते खोके पंप फिरवण्यासाठी ठेवतात. ते मला पटत नाही. ज्या गिअरवर भरवसा नाही म्हणून चार्जर काढायचा, तेच गिअर ठेवायचे?

मी इलेक्ट्रिक पंप निवडला असता, आणि एका मैत्रिणीच्या गाडीवर तोच बसवलाय. डेव्हिस क्रेगचा, मिनिटाला ८० लिटरवाला, सोबत कंट्रोलर. फायदा असा की किल्ली काढल्यावरही थोडा वेळ पंप चालू राहतो आणि टर्बोच्या मधल्या भागातली धग पाण्यातून निघून जाते. धोका असा की तो बंद पडला तर तुम्हाला कळणार कसे? काही आर५३वर पाण्याच्या तापमानाचा काटाच नसतो. हेड वाकल्यावर कळून उपयोग नाही. म्हणून सेन्सर, काटा आणि कानाला बोचेल असा बझर आधी, टर्बो नंतर.

दुसरी गोष्ट थ्रॉटलची, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेची. आर५३मध्ये थ्रॉटल बॉडी चार्जरच्या आधी आहे : एअर बॉक्स, थ्रॉटल, चार्जर, वरचा इंटरकूलर (दाबलेली गरम हवा थंड करणारा), मग मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा). एम४५सारख्या रूट्स जातीच्या (दोन रोटरच्या) चार्जरला ते चालते, पाय उचलला की बायपास उघडतो आणि हवा आतल्या आत फिरत राहते. टर्बोला हे चालत नाही. थ्रॉटल आधी ठेवला तर पाय उचलताच कंप्रेसरच्या तोंडाशी व्हॅक्यूम तयार होतो आणि सीलमधून तेल ओढले जाते. शिवाय थ्रॉटल आणि सिलिंडर यांच्यामध्ये एवढा लांब पाइप आला की पायाला प्रतिसादही आळशी मिळतो. म्हणजे थ्रॉटल इंटरकूलरच्या पुढे, मॅनिफोल्डच्या तोंडाशी न्यायचा, त्यासाठी फ्लँज वेल्ड करायची, आणि थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक असल्यामुळे वायरिंग लांबवायचे. एकदा तो तिथे गेला की बंद थ्रॉटलवर आदळणाऱ्या हवेला वाट हवी, म्हणून ब्लो-ऑफ किंवा रिसर्क्युलेशन व्हॉल्व्ह. टर्बोच्या किमती विचारताना यातले काहीच कुणाच्या हिशोबात नसते.

आता अर्थ आहे का, यावर. कारखान्याने याच इंजिनावर, याच एम४५वर २००६मध्ये जॉन कूपर वर्क्स जीपी काढली. २००० गाड्या, मागची सीट काढलेली, २१८ पीएस. म्हणजे साधारण २१५ बीएचपीपर्यंत जायला टर्बोची गरज नाही हे खुद्द बनवणाऱ्याने दाखवून दिलेय. तुमच्या १९२ला जीपीचा मोठा इंटरकूलर, चांगला हेडर (इंजिनाला लागून असलेला एक्झॉस्टचा पाइप), ३८०चे (मिनिटाला ३८० सीसी पेट्रोल सोडणारे) इंजेक्टर आणि नीट मॅप (ईसीयू, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली मांडणी) दिला तर तिथवर पोचाल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसलाही जाल. २४०च्या पुढे जायचे असेल, आणि ते मधल्या आरपीएमला हवे असेल, तरच टर्बोचा विचार करा. मधल्या आरपीएमसाठी नाही, आकड्यासाठी.

*सुधारणा : वरचे शेवटचे वाक्य उलटे पडले. मला म्हणायचेय, टर्बो घ्यायचा तर मधल्या आरपीएमच्या ताकदीसाठी घ्या, डायनोच्या कागदावरच्या आकड्यासाठी नको.*

वाईकर_रेडिंग

ताई, पाण्याच्या पंपाचे माहीत नव्हते. गॅरेजवाल्यानेही सांगितले नाही. धन्यवाद.

पट्टा काढून बघितले. आवाज गेला, आणि चार्जरची पुली हाताने फिरवली की अडकत अडकत फिरते. म्हणजे चार्जरच.

मित्र म्हणतोय दोन्ही ठेव, सुपरचार्जर खाली आणि टर्बो वर, लॅन्चियासारखे. आणि ऑनलाइन सगळे गॅरेटचा जीटी२८६०आरएस टर्बो घ्या म्हणतात. खरे का?

चाकणवाला

मी पुण्याकडे टर्बोच्या टेस्टिंगमध्ये आहे. मिनी कधी हाताळली नाही, पण हवेचा हिशोब मिनी बघून बदलत नाही, म्हणून लिहितो.

१५९८ सीसी, ६५०० आरपीएम, व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी (सिलिंडर हवेने किती भरतो ते) ९० टक्के धरू. प्रेशर रेशो २, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १ बार जास्त दाब (बूस्ट), आणि इंटरकूलरनंतर हवा ४५-५० अंशांवर. हवा येते मिनिटाला १० किलोच्या जराशी वर, म्हणजे २३ पौंड. पेट्रोल इंजिनाला एका पौंडामागे ढोबळ १० घोडे. झाले २३०. २५० हवे तर बूस्ट १.२च्या आसपास न्यावा लागेल. एवढ्या हवेला जीटी२८६०आरएस मोठा आहे, गॅरेट स्वतः तो २५० ते ३६० घोड्यांसाठी सांगते. तुम्ही त्याच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात जगाल. बूस्ट उशिरा येईल, आणि रोज एम४वर जाणाऱ्याला उशिरा येणाऱ्या बूस्टचा काय उपयोग? जीटी२५५४आर १७० ते २७०साठी आहे, तो बरोबर बसतो. स्वस्तात हवा असेल तर मित्सुबिशीचा टीडी०४, जो सुबारू, व्हॉल्व्हो, साबवर आला. तिकडे भंगारवाल्यांकडे मिळत असावा.

सुपरचार्जर नेमके काय खातो तेही सांगतो, कारण लोक या बाबतीत एकतर घाबरवतात नाहीतर उडवून लावतात. प्रेशर रेशो १.८ला २५ अंशांची हवा आदर्श कंप्रेसरमधून ८० अंशांवर निघाली असती. रूट्सची एफिशियन्सी ५५ टक्के धरली तर ती सव्वाशे अंशांवर निघते. चांगल्या टर्बोला ७४ टक्के मिळाली तर शंभराच्या आसपास. हा पंचवीस अंशांचा फरक इंटरकूलरच्या तोंडाशीच मिळतो. आणि तुमच्या सध्याच्या ताकदीला रूट्स फिरवायला साधारण १५ किलोवॅट, म्हणजे वीस घोडे, पट्ट्यातून जातात. टर्बोला ते फुकट मिळत नाहीत, एक्झॉस्टमध्ये दाब वाढतो. पण बरेचसे तिथे वाया जाणाऱ्या उष्णतेतूनच येतात.

दोन्ही ठेवण्याबद्दल : लॅन्चिया डेल्टा एस४ रॅलीची गाडी होती. फोक्सवॅगनने २००५मध्ये १.४ टीएसआय रस्त्यावर आणली, पण त्यात चार्जरला मॅग्नेटिक क्लच आणि हवेची वाट बदलणारा फ्लॅप, आणि ते सांभाळायला अख्खा विभाग. घरी नका करू.

मामा_मिल्टन_केन्स

निसान मार्च सुपर टर्बो विसरलात. ९३० सीसी, ११० पीएस, दोन्ही लावलेले. पोरांनो, १९८९ साल!

सातपूर_टू_कॉव्हेंट्री

चाकणवाल्यांनी माझे अर्धे काम केले. जीटी२५५४आर किंवा टीडी०४, मला दोन्ही चालतील.

जागेचे सांगते, कारण कागदावर हवा बसते पण टर्बो बसायला बोनेट उघडावे लागते. आर५३मध्ये चार्जर इंजिनाच्या पुढे, रेडिएटरच्या बाजूला आहे, आणि एक्झॉस्ट मागे, फायरवॉलच्या बाजूला. म्हणजे पुढची जागा मोकळी होते आणि टर्बो जातो मागे, जिथे आधीच बोट शिरत नाही. पुढे इंटरकूलर छान मावतो, बंपरच्या मागे. वरचा मूळ इंटरकूलर ठेवायचा मोह होईल, पण मागून येणारी सगळी धग त्याच्या पोटाला लागते, ट्रॅफिकमध्ये तो इंटरकूलर उरत नाही, हीटर होतो.

मागे काय काय आहे ते मोजून बघा : स्टिअरिंग रॅक, त्याची रबरी बूट, आतल्या सीव्ही जॉइंटची बूट, आणि सगळ्यात नाजूक, पॉवर स्टिअरिंगचा इलेक्ट्रिक पंप. तो खाली तिथेच बसतो, त्याला स्वतःचा छोटा पंखा आहे, मूळ एक्झॉस्टच्या उष्णतेनेच तो जेरीस आलेला असतो. त्याच्या डोक्यावर टर्बो नेऊन बसवायचा तर टर्बोला ब्लँकेट, डाउनपाइपला रॅप, पंपावर पत्र्याची ढाल आणि मध्ये हवेची फट हवी. नुसती सोनेरी फॉइल चिकटवून होत नाही. पंख्याची वायर आधी तपासा, बऱ्याच गाड्यांत तो फिरतच नसतो.

तेलाबद्दल : माझे वडील सातपूरला डिझेल पंप आणि ट्रकचे टर्बो करायचे, त्यांचे गिऱ्हाईक बहुतेक आग्रा रोडवरचे. टर्बो धूर करतोय म्हणून आलेल्या ट्रकचा टर्बो ते उघडायचेच नाहीत. आधी खालचा परतीचा पाइप काढून बघायचे. दाबाने तेल आत जाते पण परत येताना त्याला दाब नसतो, ते नुसत्या उताराने फेस होऊन खाली येते. पाइप बारीक असला, वाकलेला असला किंवा चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळच्या तेलाच्या टाकीत) तेलाच्या पातळीखाली जोडलेला असला की तेल टर्बोत तुंबते आणि सीलमधून निघते. सील चांगली असली तरी. म्हणून परतीचा पाइप आतून किमान १६ मिलिमीटर, सतत उतरता, आणि चेंबर काढून त्यावर पातळीच्या वर बंग (पाइप जोडायचे आट्याचे तोंड) वेल्ड करून घेतलेला. चेंबर जागेवर ठेवून ड्रिल मारू नका, बुरादा तेलात जातो. तुम्हाला वेल्डिंग येत नाही म्हणालात, तर चेंबर, थ्रॉटलची फ्लँज आणि मॅनिफोल्ड ही तिन्ही कामे एकदमच टिग वेल्डरकडे न्या.

पट्टा : चार्जर जाऊन इलेक्ट्रिक पंप आल्यावर पट्ट्यावर फक्त अल्टरनेटर आणि एसी राहतात, पॉवर स्टिअरिंग मुळातच त्यावर नाही. लहान पट्टा लागेल, लांबी सगळे बसल्यावर दोरीने मोजा.

तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे. या इंजिनाचे कॉम्प्रेशन ८.३ आहे, म्हणजे टर्बोसाठी पिस्टन बदलायची गरज नाही. १.२ बारपर्यंत मूळ पिस्टनवर लोक चालवतात, पण ते पिस्टन नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून बसणारे दणके) अजिबात सहन करत नाहीत, रिंगांमधली भिंत तडकते. म्हणून ५५०चे इंजेक्टर (२५० घोड्यांना ४६० पुरतात, पण ते शंभर टक्के राबवायचे नसतात, आणि हातात थोडे असू द्यावे), ९९ ऑक्टेनचे पेट्रोल, आणि वाइडबँड (हवा-पेट्रोलचे प्रमाण मोजणारा सेन्सर) लावून मॅप. बूस्टवर हवा-पेट्रोल ११.५च्या आसपास. मूळ सीमेन्सच्या ईसीयूवर हे होते, पण टर्बो आर५३ आधी केलेला माणूस हवा. त्याच्याकडे सगळे जोडायच्या *आधी* जा, सेन्सर कुठे बसवायचे हे तो सांगेल. आधी सगळे बसवून मग विचारले की अर्धे परत उघडावे लागते.

क्लच विसरू नका. सुपरचार्जरचा टॉर्क सरळ रेषेत चढतो, टर्बोचा तीन हजाराला एकदम उभा राहतो. मूळ क्लच आणि ड्युअल मास फ्लायव्हील ते फार दिवस झेलणार नाहीत. गिअरबॉक्स उतरवाल तेव्हा दोन्ही एकदमच बदला.

एमओटी : टर्बोवरून कुणी नापास करत नाही. मुळात कॅट (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) असलेल्या गाडीवर तो नसेल तर नापास. मूळ गाडीचा कॅट हेडरमध्येच होता, तो गेला, म्हणजे डाउनपाइपमध्ये नवा घालायचा. फास्ट आयडलला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.२ टक्क्यांच्या आत, हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत, लॅम्डा (हवा-पेट्रोलचे प्रमाण) ०.९७ ते १.०३. तुमची गाडी जुलै २००३नंतरची, त्यामुळे इंजिनचा पिवळा दिवा लागलेला असेल तरी नापास. म्हणून मागचा लॅम्डा सेन्सर "नंतर बघू" म्हणून लटकत ठेवू नका.

विमा : काम सुरू करायच्या आधी फोन. पुली सांगितली आहे का तेही बघा, आधीच्या मालकाने लावली म्हणून ती तुमची नाही असे विमावाला मानत नाही.

वाईकर_रेडिंग

पुली सांगितलेली नाही. उद्याच फोन करतो.

खर्चाची बेरीज मांडली आणि बायकोला दाखवली नाही. ठरवले ते असे : आता चार्जर रिकंडिशन करून जीपीचा इंटरकूलर, हेडर आणि इंजेक्टर. पण स्विंडनला एक जण टीडी०४ विकतोय, साबवरून काढलेला, फार स्वस्त. पुढेमागे लागेल म्हणून घेऊन ठेवू का? बघायला गेलो तर काय बघू?

सातपूर_टू_कॉव्हेंट्री

घ्या, पण फोटोवरून नको, हातात घेऊन. फिल्टरकडचे तोंड उघडे करून चाकाचे नट दोन बोटांत धरा. आडवे थोडे हलले तर चालते, तेल आले की शाफ्ट त्यावर तरंगतो. पुढे-मागे हलले तर थ्रस्ट बेअरिंग गेले. कंप्रेसरच्या घराच्या आतल्या भिंतीवर चाक घासल्याची चमक दिसतेय का बघा, पात्यांच्या कडा खाल्लेल्या आहेत का बघा. मग गरम बाजूला टॉर्च मारा : वेस्टगेटच्या (जादा एक्झॉस्ट बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या) भोकापासून निघालेल्या बारीक भेगा जवळपास प्रत्येक जुन्या टर्बोला असतात, त्याला घाबरू नका, पण भेग फ्लँजपर्यंत गेली असेल तर राहू द्या. ती झडप उघडणारी ॲक्च्युएटरची दांडी हाताने ओढून बघा, झडप अडकायला नको.

आणि तेलाच्या भोकात बोट घालून बघा. आत काळा कोळसा कडक झालेला लागला तर तो टर्बो किती स्वस्त आहे हे विचारूही नका.

चाकणवाला

तेलाचा बँजो बोल्टही (तेलाचा पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) मागून घ्या, आणि त्यात गाळणी असेल तर ती फेकून नवी घाला. घरी आणलात की दोन्ही तोंडे बूच लावून बंद. पोटमाळ्यावर टर्बो उघडा ठेवला की त्यात कोळी राहायला येतो, हे आमच्याकडे वॉरंटीला आलेल्या मालात पाहिलेय.